बांगडीचं माप

गेल्या वर्षी आमच्या आपाच्या घरी लग्न निघालं. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. तिची मुलगी पुण्यात संगणक अभियंता आहे. ती म्हणाली, "अम्मी, उन्हातान्हात बाजार कशाला हिंडायचा? बांगड्या मी मोबाइलवरून मागवते. तुझं माप सांग." आपा म्हणाली, "दोन-दहा." मुलीनं मोबाइलवर पाहिलं. तिथं २.२, २.४, २.६, २.८ आणि २.१० अशी मापं होती. शाळेत शिकलेल्या दशांशाप्रमाणे २.१० म्हणजे २.१, म्हणजे सगळ्यांत लहान. आपाचा हात तर चांगला भरलेला. मुलीला वाटलं, अम्मीच चुकतेय. तिनं आपल्या मनानं २.८ हे माप निवडलं. चार दिवसांनी पार्सल आलं आणि बांगड्या आपाच्या अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडकल्या.

भाचीचा मला फोन आला, "मामू, हे कसलं माप? गणितातच बसत नाही!"

मला हसू आलं. कारण मी मणेराचा मुलगा. माझ्या अब्बांनी जन्मभर आठवडी बाजारात बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. बांगडीचं माप दशांशात नसतं, सोळांशात असतं. सोळा आण्यांचा रुपया, तसा सोळा भागांचा इंच. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार-सोळांश, म्हणजे सव्वादोन. दोन-आठ म्हणजे अडीच. आणि दोन-दहा हे दोन-आठपेक्षा मोठं. हे माप बांगडीच्या आतल्या व्यासाचं. मधला तो ठिपका दशांश चिन्ह नव्हेच, नुसता सोयीचा ठिपका आहे. भाची हुशार आहे, पण तिच्या गणितात आणे नव्हते. आपाला आकडेमोड फारशी येत नाही, पण तिचं उत्तर बरोबर होतं.

या छोट्याशा घोटाळ्यातून मला एका मोठ्या शास्त्राबद्दल बोलायचं आहे. त्याचं नाव मानववंशशास्त्र. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या शास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण गेली काही वर्षं कुतूहलानं वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की यातलं बरंच काही अब्बांच्या पाटीशेजारी बसून मी लहानपणीच पाहिलेलं आहे.

मानववंशशास्त्र म्हटलं की आपल्यासमोर कवट्या मोजणारा किंवा जंगलात आदिवासींचे फोटो काढणारा साहेब उभा राहतो. या शास्त्राच्या इतिहासात तेही आहे. पण त्याची खरी शिदोरी वेगळी आहे. ज्यांना समजून घ्यायचं, त्यांच्यात जाऊन राहायचं. त्यांची भाषा शिकायची. ते काय सांगतात ते ऐकायचं, पण ते काय करतात तेही पाहायचं. आणि जे आपल्याला वेडगळ वाटतं त्यामागं काहीतरी शहाणपण असेल, असं धरून चालायचं.

ही रीत ज्यानं रुजवली त्यात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या पोलिश अभ्यासकाचं नाव मोठं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ या वर्षांत, तो दोन मुक्काम करून ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला. ही बेटं आज पापुआ न्यू गिनी या देशात आहेत. तिथले लोक होड्यांतून धोक्याचा समुद्र ओलांडून दूरच्या बेटांवर जात आणि दोन वस्तूंची देवघेव करत. एक लाल शिंपल्यांच्या माळा आणि दुसरी पांढऱ्या शंखांची कडी. माळा बेटांच्या वर्तुळातून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरत, कडी उलट दिशेनं. या व्यवहाराला ते 'कुला' म्हणत. आणि गंमत बघा, त्यातली बहुतेक कडी इतकी लहान असत की पोरांच्याही दंडात शिरत नसत! आमच्या पार्सलातल्या बांगड्यांसारखीच. पण तिथं कुणाची तक्रार नव्हती, कारण ती घालण्यासाठी नव्हतीच. ती दुसऱ्या बेटावरच्या माणसाशी जन्मभराचं नातं बांधण्यासाठी होती. कुलात भाव करणं कमीपणाचं मानत. घासाघीस करायची ती इतर मालाची, आणि त्या व्यवहाराला त्यांच्याकडे नावही वेगळं होतं.

मालिनोव्स्कीनं १९२२ मध्ये हे सगळं पुस्तकात मांडलं. त्यातली गोष्ट साधी आहे. माणूस वस्तू घेतो तेव्हा तो फक्त वस्तू घेत नसतो.

हे आपल्याला परकं नाही. इरावती कर्व्यांना आपण 'युगान्त'मुळे ओळखतो. पण त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या, आणि हेमलता आचार्य यांच्याबरोबर त्यांनी आठवडी बाजारांचा अभ्यास केला होता. आदिवासी, ग्रामीण आणि नागरी समाजात आठवडी बाजाराचं काम काय, या विषयावरचं ते पुस्तक १९७० मध्ये आलं. म्हणजे व्यापार हा समाज समजून घेण्याचा रस्ता आहे, हे आपल्याकडच्या विद्वानांनी केव्हाच ओळखलं होतं.

आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरे. सोलापूर जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. अब्बा पहाटे पाटी डोक्यावर घेऊन निघत आणि सुट्टी असली की मी मागं. बाजारात बांगड्या घ्यायला आलेली बाई नुसती बांगड्या घ्यायला आलेली नसे. तिला माहेरचं माणूस भेटायचं असे, लेकीसाठी स्थळाची चौकशी करायची असे, कधी नुसतं घटकाभर घराबाहेर बसायचं असे. अब्बा कुणाला माप विचारत नसत. ते हात हातात घेत, अंगठ्याखालचा मऊ भाग किंचित दाबून बघत आणि पाटीतली बरोबर जोडी काढत. कारण बांगडी मनगटात बसायला अडचण नसते, ती अंगठ्याच्या हाडावरून जाताना अडते. दोन बायकांचं मनगट सारखं असलं, तरी रोज भाकरी थापणारीचा आणि शाळेत शिकवणारीचा हात सारखा नसतो. आकड्यात हे मावत नाही.

अब्बा शब्दही ऐकत. काचेची बांगडी सहज फुटली तर बाई 'फुटली' म्हणत नाही, 'वाढवली' म्हणते. 'फोडल्या' हा शब्द वैधव्याच्या प्रसंगी येतो. बांगडी तीच, काच तीच, पण क्रियापद बदललं की घर बदलतं. अब्बा शाळेत गेले नव्हते, पण क्रियापदावरून त्यांना घरचं सगळं कळे.

ते काही संत नव्हते. नणंद-भावजय जोडीनं आल्या की एकमेकींसमोर भावात घासाघीस करत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या दिवशी ते दोन पैसे जास्त सांगत. पण फार जास्त नाही. पुढच्या मंगळवारी त्याच बायकांसमोर बसायचं होतं.

क्लिफर्ड गीर्ट्झ हा अमेरिकन अभ्यासक मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजारात बसून नेमकं हेच टिपत होता. १९७८ मध्ये त्यानं लिहिलं की अशा बाजारात सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट माल नसून माहिती असते. कोणता माल खरा, कोणता भाव रास्त, कोण फसवेल, हे कुणालाच पुरतं माहीत नसतं. म्हणून माणसं ठरावीक दुकानदाराला धरून राहतात. आपण ज्याला 'आमचा नेहमीचा' म्हणतो, तो. तिथं भाव करणं म्हणजे नुसती हुज्जत नव्हे, माहिती काढण्याची ती एक रीत आहे.

मग हे शास्त्र कंपन्यांच्या इमारतीत कसं शिरलं? त्याची एक गोष्ट फार बोलकी आहे. झेरॉक्स हा शब्द आपण फोटोकॉपीसाठी सर्रास वापरतो. त्या झेरॉक्स कंपनीची कॅलिफोर्नियात एक संशोधन संस्था होती. १९८० च्या सुमारास लूसी सचमन ही मानववंशशास्त्राची तरुण अभ्यासक तिथं काम करत होती. कंपनीनं एक नवं मोठं यंत्र काढलं होतं. जाहिरातीत सांगितलं जात होतं की हिरवं बटण दाबा, काम झालं. गिऱ्हाइकं मात्र म्हणत होती की हे यंत्र फार अवघड आहे.

सचमननं माणसांना प्रश्नावली दिली नाही. यंत्र वापरणाऱ्या माणसांचं चित्रीकरण केलं आणि बारकाईनं पाहिलं. एका चित्रफितीत दोन नामवंत संगणकतज्ज्ञ त्या यंत्रापुढं हतबल झालेले दिसतात. त्यातले एक होते ॲलन न्यूवेल, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातले आद्य संशोधक! असे लोक जिथं अडले, तिथं 'गिऱ्हाइकालाच कळत नाही' असं कोण म्हणणार? सचमननं दाखवून दिलं की यंत्र एक गृहीत धरून पुढं जात असतं, माणूस दुसरंच समजून पुढं जात असतो, आणि दोघांच्या मधली फट यंत्राला दिसतच नाही. समोरचा माणूस गोंधळला की आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर कळतं. यंत्राला चेहरा वाचता येत नव्हता. तिचं पुस्तक १९८७ मध्ये आलं आणि संगणक बनवणाऱ्यांनी ते गंभीरपणे वाचलं.

पुढं ही गोष्ट अशी पसरली की मानववंशशास्त्रज्ञांमुळेच त्या यंत्राला सोपं हिरवं बटण मिळालं. सचमननं स्वतः ती खोडून काढली. बटण आधीपासूनच होतं. ते बटण म्हणजेच सोपेपणाचा खोटा दिलासा होता. नवी वस्तू शिकायला माणसाला जे कष्ट पडतात, ते त्या बटणामागं झाकले जात होते. आपाच्या बांगड्यांचंही तेच झालं. मोबाइलवर सगळं एका बोटाच्या अंतरावर होतं, पण दोन-दहाचा अर्थ सांगायला तिथं कुणी बसलेलं नव्हतं.

मोबाइलच्या धंद्यात तर या शास्त्रानं बरंच काम केलं. नोकिया कंपनीसाठी जॅन चिपचेस नावाचा संशोधक देशोदेशी हिंडत असे. युगांडात त्यानं पाहिलं की शहरातला माणूस गावी पैसे पाठवायला प्रीपेड कार्ड विकत घेतो, त्यावरचा नंबर गावातल्या फोनवालीला सांगतो. ती ते पैसे आपल्या फोनमध्ये भरते, आपली दलाली कापून घेते आणि उरलेली रोख रक्कम त्याच्या घरी देते. कुठल्याही बँकेनं किंवा कंपनीनं हे शिकवलं नव्हतं. लोकांनीच जमवलं होतं. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा २००७ मध्ये सुरू झाली. आपल्याकडची यूपीआय आली ती २०१६ मध्ये.

गरीब घरांत एक फोन चार जणांत वापरला जातो, हेही असंच पाहून कळलं. म्हणून २००७ मध्ये आलेल्या नोकियाच्या एका स्वस्त फोनमध्ये प्रत्येकासाठी नंबरांची वेगळी वही ठेवण्याची सोय होती. प्रश्नावलीत 'तुमचा फोन कोणता?' असं विचारलं असतं, तर हे कधीच कळलं नसतं. 'तुमचा' या शब्दातच ते हरवलं असतं.

आणि आपला मिस्ड कॉल! आमच्या घरी एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला या. कंपनीला एक पैसा न देता आपण कंपनीच्या तारेवरून निरोप पाठवत होतो. त्या काळात याला चिंगूसपणा म्हणून हसणारे पुष्कळ होते. पण २०१४ मध्ये फेसबुकनं भारतात मिस्ड कॉलवर चालणाऱ्या जाहिरातींची चाचणी घेतली. ज्याला लोक हसत होते, त्यात धंदा दिसला.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. कारण पाहणं आणि पाळत ठेवणं यात फरक आहे, आणि तो अंधूक होत चालला आहे.

एका मंगळवारची आठवण सांगतो. नागपंचमी तोंडावर आली होती. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बांगड्या भरायला बसली. तिची आई चार पावलं दूर उभी, दोन्ही हात पदराखाली. त्या वर्षी तिचा नवरा गेला होता, हे अब्बांना ठाऊक होतं. मुलगी म्हणाली, "मामा, आईला पण भरा ना." आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. अब्बांनी मान वर केली नाही. मुलीचे दोन्ही हात भरले. मग पाटीतून आणखी एक जोडी काढून कागदात गुंडाळली आणि तिच्या ओटीत ठेवली. म्हणाले, "तुझ्या पोरी वाढवतील, म्हणून जादा ठेव." मी शेजारी होतो. ती जोडी मुलीच्या मापाची नव्हती.

परतताना मी विचारलं. अब्बा घरी दख्खनी बोलत. म्हणाले, "बेटा, देखने का. बोलने का नै."

त्या बांगड्या त्या बाईनं कधी घातल्या की ट्रंकेत ठेवल्या, मला माहीत नाही. हेरवाड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावच्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ च्या मे महिन्यात. अब्बांच्या काळी असा ठराव नव्हता. त्यांच्याजवळ फक्त पाटी होती आणि आपल्याला काय दिसलं ते झाकून कसं ठेवायचं याची अक्कल होती.

आता दुसरी गोष्ट. नात्यातल्या एका मुलीचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. घरातल्या मोठ्या बायकांनी शिवायला घेतलेली झबली मुकाट्यानं उचलून ठेवली. शेजारणी यायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, तो विषय काढायच्या नाहीत. तिचा मोबाइल मात्र पाळणे, टोपडी, दुधाच्या बाटल्या दाखवत राहिला. बाळ व्हायचा महिना उलटेपर्यंत. मोबाइलनं सगळं पाहिलं होतं. तिनं काय शोधलं, काय वाचलं, कुठं थांबली, सगळं. फक्त गप्प कधी बसायचं ते त्याला कळलं नाही.

बोट कुठं थांबलं हे मोजता येतं. ते आनंदानं थांबलं की दुःखानं, हे कळायला माणसाजवळ बसावं लागतं. आणि एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. अब्बांना बायका माहीत होत्या, तसे बायकांनाही अब्बा माहीत होते. त्यांचं घर, त्यांची मुलं, त्यांची खोड. त्यांनी कुणाची गोष्ट चव्हाट्यावर आणली असती, तर पुढच्या मंगळवारी पाटीपुढं कुणी बसलं नसतं. मोबाइलच्या पलीकडं बसून आपल्याला पाहणारा मात्र आपल्याला कधी दिसत नाही. त्याला पुढच्या मंगळवारची भीती नाही.

अभ्यासकांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं १९७१ मध्ये आपली आचारतत्त्वं मांडली. २०१२ मध्ये नव्यानं मांडताना पहिलं तत्त्व ठेवलं ते 'इजा करू नका' हे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायदा हवाच. पण समोरच्याचं दुःख ओळखून विषय बदलावा, हे कायद्यात लिहिता येत नाही.

आज तालुक्याच्या गावातली मुलंही ॲप बनवतात, दुकानं मोबाइलवर नेतात. त्यांना मला एवढंच सांगावंसं वाटतं की या शास्त्राची पदवी नसली तरी त्याची सवय लावून घेता येते. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारण्याआधी एक दिवस नुसतं त्याच्याजवळ बसा. त्याची चूक दिसली, तर ती चूक नसून आपल्याला ठाऊक नसलेलं एखादं गणित आहे का, ते बघा. तो वापरतो तोच शब्द वापरा. आणि त्याच्याबद्दल जे कळेल, ते त्याच्या तोंडावर सांगता येईल का, असं स्वतःला विचारा. सांगता येणार नसेल, तर ते साठवू नका आणि विकू तर नकाच.

बांगड्यांचं पुढं काय झालं ते सांगतो. पार्सल परत गेलं. आपा आणि भाची मंगळवारी बाजारात गेल्या, मीही गेलो. अब्बा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या जागेवर एक तरुण मणेर बसतो. त्याच्याकडे यूपीआयची चौकट आहे आणि पैसे आले की मोठ्यानं बोलणारी डबीही आहे. त्यानं आपाला माप विचारलं नाही. हात हातात घेतला, अंगठ्याखाली दाबून पाहिलं आणि जोडी काढली. भाची खाली वाकून बघत होती. तिनं विचारलं, "हे किती माप?" तो म्हणाला, "दोन-दहा."

भाचीनं पैसे भरले. डबी किती आले ते बोलली. मग त्यानं पाटीतून आणखी एक बांगडी घेतली आणि आपाच्या हातात चढवली. तिचे पैसे त्यानं धरले नव्हते. डबी त्याबद्दल काही बोलली नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)